कारळ्याची चटणी, नमुना क्रमांक चार

चौथ्या वाटीतली चटणी जिभेवर ठेवली आणि उत्कर्षाचं पेन कागदावर तसंच थांबलं. समोर बारा स्टीलच्या वाट्या होत्या, प्रत्येकीवर नंबराचा कागद चिकटवलेला. मध्ये पाण्याचे पेले, आणि आधीची चव तोंडातून जावी म्हणून कोऱ्या भाकरीचे तुकडे. बारामतीच्या एका कॉलेजात ती अन्नशास्त्र शिकवायची. दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून ती दर वर्षी हे करून घ्यायची : बारामती-इंदापूरच्या दुकानांतून एकाच पदार्थाची पाकिटं आणायची, कुणाचं कुठलं ते कळू न देता वाट्यांत काढायची आणि चव, पोषण, लेबलाचा खरेपणा यांना दहा-दहापैकी गुण द्यायचे. यंदा कारळ्याची चटणी होती. पहिली वाटी म्हणजे नुसतं मीठ. दुसरीत लसणाच्या जागी लसणाची पूड. तिसरी खवट. चौथीत आधी लसूण लागला, मग मिरची, आणि मिरची ओसरता ओसरता दाण्याच्या कुटाचा मऊपणा जिभेच्या कडांना जाणवला. आधीच्या एकाही वाटीत दाणे नव्हते. कारळं घशाला टोचू नये म्हणून मूठभर दाण्याचा कूट घालणारी एकच बाई तिला माहीत होती.

तिनं चवीच्या रकान्यात नऊ लिहिले. मुलांनी आपापले कागद भरले आणि मग एका मुलीनं मागच्या बाकावरून पाकिटांची पिशवी आणली, एकेक पाकीट आपापल्या वाटीपुढं मांडलं. चार नंबरचं पाकीट पिवळं होतं. त्यावर उत्कर्षाची आई होती. हिरवं लुगडं, डोईवर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात मुसळ. वर लाल अक्षरांत ‘शकुबाईंची चटणी’ आणि खाली ‘आईच्या हातची चव’. ती मुलगी म्हणाली, “मॅडम, या आजी किती छान दिसतात ना?” उत्कर्षा “हं” म्हणाली. धाकटा भाऊ रणजित आणि त्याची बायको प्राची माहेरी कळंबला घरामागच्या शेडमध्ये चटण्या करून विकतात हे तिला ठाऊक होतं. दिवाळीत गेली तेव्हा साध्या पारदर्शक पिशव्या होत्या, त्यांवर एक छोटी चिठ्ठी. हे पाकीट नवं होतं. तिला आईच्या चेहऱ्यापेक्षा आईच्या हातातलं मुसळ विचित्र वाटत होतं. आईच्या हातात तिनं खोरं पाहिलं होतं, विळा पाहिला होता, विहिरीवरच्या मोटारीचा खटका रात्री-अपरात्री दाबताना पाहिलं होतं. मुसळ कधीच नाही.

मग सवयीनं तिनं पाकीट उलटं केलं. घटक : कारळे, गावरान लसूण, मिरची, जिरे, मीठ. दाण्यांचा उल्लेख नाही. शंभर ग्रॅममध्ये स्निग्धांश बारा ग्रॅम. कारळ्यासारख्या तेलबीत बारा कसा असेल, चाळीसच्या आसपास हवा. कुठल्यातरी दुसऱ्याच पाकिटावरून कोष्टक उचललेलं दिसत होतं. उखळात कुटलेली. वापरण्यास उत्तम कालावधी सहा महिने. आणि या सगळ्याच्या वर, चौकटीत, तिरप्या अक्षरांत चार ओळी : ‘शाळेतून दमून यावं तर आई उखळापाशी बसलेली असायची. भाजलेल्या कारळ्यांचा वास गल्लीच्या तोंडाशी येऊन माझा हात धरायचा आणि मला घरी न्यायचा.’ वाक्य ओळखीचं वाटलं. कुठं वाचलंय ते आठवेना. मग दुसऱ्यांदा वाचलं. ते तिचंच होतं. बावीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या वार्षिक अंकात तिनं ‘आईच्या हातची चव’ नावाचा लेख लिहिला होता. त्याला बक्षीस मिळालं होतं, आणि वडिलांनी, अप्पांनी, तो अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवला होता.

“मॅडम, चार नंबरला लेबलचे किती देऊ?” मुलीनं विचारलं. उत्कर्षा म्हणाली, “तो रकाना सोमवारपर्यंत कोरा ठेव.”

शनिवारी दुपारी ती स्कूटी घेऊन निघाली. भवानीनगर मागं पडलं, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं रेंगाळत जंक्शन गाव आलं, आणि सबंध रस्ताभर ती रणजितला काय बोलायचं ते जुळवत होती. पण जुळवलेल्या वाक्याच्या मध्येच दुसरं काहीतरी यायचं. सारजा आत्या तिच्या आठवणीत आधीपासूनच घरात होती. ती पत्र्याची ट्रंक घेऊन कुठूनतरी आली होती हे नंतर कळलं. भिगवणजवळ डाळजला तिला दिली होती, दीड वर्षात नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला बसमध्ये बसवून दिली. लोक म्हणायचे, सारजा नांदली नाही. आत्यानं यावर कधी काही म्हटलेलं उत्कर्षानं ऐकलं नव्हतं. ती आली आणि तिनं चूल घेतली. आईला चुलीचा कंटाळाच होता. आईची भाकरी एका बाजूनं कच्ची आणि एका बाजूनं करपलेली असायची, आणि अप्पा ती न बोलता खायचे. आत्या आल्यावर आई एकदाची रानात गेली ती रानातच राहिली : पाण्याची पाळी, म्हशी, उसाची लागण, मिरचीचे वाफे. दोघींनी बसून काही ठरवलं असेल असं वाटत नाही. एक बाहेर गेली आणि एक आत राहिली, चाळीस वर्षं. शाळेत बाईंनी विचारलं, घरात किती माणसं? उत्कर्षा म्हणाली, चार. पाचवीचं काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं. आत्या कुठं असते म्हणून विचारलं तर आमच्यात, का म्हणून विचारलं तर काय? पुढं होस्टेलला गेल्यावर आत्याच्या चटणीची काचेची बरणी यायची. खोलीतल्या मुली बोट घालून घालून चाटायच्या आणि एकीनं विचारलं, आईनं केली का गं? उत्कर्षा म्हणाली, हो. एवढंच. त्या ‘हो’ला काही वजन नव्हतं, बोलायचा त्रास वाचवण्यासाठी म्हटलेलं ते ‘हो’ होतं. पण त्यानंतर चटणी आईचीच झाली, आणि लेख लिहायला बसल्यावर आत्याला उखळापाशी बसवण्याचा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. लिहिताना डोळ्यांपुढं होती ती आत्याच. नाकात चमकी नसलेलं भोक, कुटताना हलणारा खांदा. हात फक्त ‘आई’ असं लिहीत गेला.

रणजित शेडच्या दारातच खोकी मोजत उभा होता. ताई अचानक आली म्हणून त्याला आनंद झाला आणि पाकीट तिच्या हातात पाहून आणखी झाला.

“बघितलंस व्हय? बारामतीत पण मिळायला लागलं म्हंजी झालं. कसं दिसतंय?”

“दिसतंय चांगलं. आईला कधीपासून चटणी यायला लागली?”

तो हसला. “आता त्यात काय? गिऱ्हाइकाला आई लागती. आत्याची चटणी म्हटलं तर कोण घेनार? आन् मागचं तर तूच लिवलेलं हाय. अप्पांच्या कपाटात सापडलं. प्राची म्हनली, ह्यापरीस भारी कोन लिवणार?”

तिनं जुळवून आणलेली सगळी वाक्यं तिथंच संपली. त्याला बोलायचं म्हणजे आधी स्वतःला बोलायला हवं होतं. तिनं दाण्यांचं सांगितलं, काही लोकांना दाणे सोसत नाहीत, जीवावर बेततं, ते लिहिलंच पाहिजे. कोष्टक खोटं आहे म्हणून सांगितलं. रणजित मान हलवत होता, पुढच्या छपाईला बघू म्हणत होता. तेवढ्यात आई रानातून आली. पायाला चिखल, डोक्यावर गवताचा भारा. भारा गोठ्यापाशी टाकून ती पदरानं तोंड पुसत आली, लेकीच्या हातातलं पाकीट बघून थबकली, आणि उत्कर्षानं तिला लाजताना पहिल्यांदा पाहिलं.

“प्राचीनं पावडर लावली, कुंकू बी लावलं मला,” आई म्हणाली. “म्या म्हनलं, नगं गं बाई. पन बरी दिसती नव्हं?” मग पाकिटाकडं बोट करून, “तुजा बाप जित्ता असता तर हसून हसून मेला असता. सगळी हयात गेली, मला कुनी सुगरन म्हनलं न्हाय. आता पाकीट म्हनतंय.”

उत्कर्षाला वाटलं होतं, आईवर रागावता येईल. तेही जमेना.

आत्या आत होती. शेडच्या कोपऱ्यात मोठी कढई, तिच्यापुढं पाटावर बसलेली, उलथनं सावकाश फिरत होतं. कारळी तडतडायला लागली की ती कान देऊन ऐकायची आणि आवाज विरळ व्हायच्या आत कढई उतरवायची. आताही उतरवली, तेव्हाच वर पाहिलं. “आलीस व्हय? जेवली न्हाईस, तोंड सांगतंय.” उत्कर्षा तिच्याजवळ जमिनीवर बसली. पाकीट मांडीवर ठेवलं. मग विचारलं, “आत्या, ह्याच्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं का तुला?”

“मला कोन वाचून दावणार? आन् मला काय करायचंय?”

“मी वाचते. ऐक.”

आत्यानं हात पदराला पुसले आणि सावरून बसली, पोथी ऐकायला बसावं तशी. उत्कर्षा घटकांपासून सुरू झाली. कारळे. आत्यानं मान हलवली. गावरान लसूण. “गावरान व्हय, वयनीच्या रानातला हाय.” मिरची, जिरे, मीठ. “दाणे?” नाही लिहिलेले. “का? मूठभर घालती की मी. चोरून घालती का काय?” उखळात कुटलेली. आत्या उठलीच. “उखाळ कुठाय? उखाळ जाऊन धा वर्सं झाली. वालचंदनगरला मशिनच्या डंकावर कुटून आनतोय रणजित. डंकावर चांगलीच हुतीया, त्येला लपवायचं काय?” उत्कर्षानं मध्ये स्निग्धांशाचं सांगितलं, चटणीत तेल किती असतं त्याचा आकडा, तो चुकीचा आहे. “त्ये तुजं शिक्षान तू बघ,” आत्या म्हणाली. मग उत्कर्षानं वाचलं, वापरण्यास उत्तम कालावधी सहा महिने. म्हणजे सहा महिने टिकते.

“सहा?” आत्या म्हणाली.

“सहा.”

“कोन म्हनलं सहा? कारळ्याचं तेल हाय त्ये. तीन म्हैनं बास. उनाळ्यात तर अडीचच. पुढं खवट मारती, आन् लोक म्हनत्यात चटनी वंगाळ.” ती पहिल्यांदाच चिडलेली दिसत होती. कढईतली कारळी निवत होती आणि तिचं तिकडं लक्ष नव्हतं. उत्कर्षानं वरची चौकट वाचली नाही. पाकीट उलटं केलं आणि म्हणाली, “आणि वर आईचं नाव आहे. फोटो पण आईचा. तुझं नाव कुठंच नाही.” हे सांगायलाच ती बारामतीहून आली होती. आत्यानं ते ऐकलं आणि हात झटकला.

“नावाचं आसू दे. त्ये सहा म्हैन्याचं आधी काड.”

रणजित दारात येऊन ऐकत होता. “आत्या, तसं चालत न्हाय. तीन म्हैन्याचा माल दुकानदार ठेवीत न्हाईत. सगळ्यांचंच सहा असतंय.”

“सगळ्यांचं खवट आसंल. माजी तीन म्हैनं हाय.”

“पाकिटं छापून झाल्याती.”

“मग छाप की दुसरी.”

“आसं कसं आत्या—”

“मग मी भाजत न्हाय,” आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिनं उलथनं धुतलं, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं आणि बाहेर जाऊन अंगणातल्या बाजेवर बसली. उत्कर्षाला आठवेना की या बाईनं आजवर कुणाला कशाला नाही म्हटलंय. डाळजहून बसमध्ये बसवलं तेव्हाही म्हटलं नसावं. आई गोठ्याच्या दारातून बघत होती आणि ती इतकंच म्हणाली, “घ्या. बसल्या वन्सं.”

परत येताना उत्कर्षा तेच घोळवत राहिली. आपण न्याय करायला गेलो आणि जिला न्याय द्यायचा तिला तो नकोच होता, अशी थोडी फजिती. पण त्याच्या खाली आणखी काही होतं. तिला आत्याचं नाव हवं होतं ते कुणासाठी? त्या चार ओळींची टोचणी जावी म्हणून? आत्याला ओळी माहीतच नव्हत्या. आत्याला चटणी माहीत होती. उत्कर्षा वर्गात वर्षानुवर्षं लेबलांच्या खरेपणाबद्दल बोलत आली होती, आणि त्या बोलण्यात नेहमी कुणीतरी दुसरा असायचा : कंपनी, दुकानदार, छापणारा. सोमवारी मुलांनी कोऱ्या रकान्याची आठवण केली. तिनं फळ्यावर चार नंबरचे गुण लिहिले. चव नऊ. पोषण सात. लेबल शून्य. मग कारणं सांगितली : दाणे लपवले, तेलाचा आकडा खोटा, मुदत दुप्पट, करणारी बाई एक आणि नाव दुसरीचं. मुलांनी वह्यांतून माना वर केल्या, कारण शून्य ती कुणाला देत नसे. “आणि मागच्या चौकटीतला मजकूर माझा आहे,” ती म्हणाली. “वीस-बावीस वर्षांपूर्वी लिहिलेला. तो पण खरा नाही.” मग त्याच मुलीनं विचारलं, “मग मॅडम, चवीला नऊ आणि लेबलला शून्य. घ्यायची का नाही घ्यायची?” उत्कर्षा म्हणाली, “मला माहीत नाही.” ते ती खरं बोलली होती, म्हणून बरं वाटलं.

कळंबला आत्या बाजेवरच होती. घरचा स्वयंपाक करत होती, शेडमध्ये जात नव्हती. प्राचीनं दोन घाणे भाजले. तिचा काही दोष नव्हता. मोबाइलवर मिनिटं लावून भाजायची, आणि कारळी मिनिटं पाळत नाहीत. वालचंदनगरच्या दुकानदारानं पाचव्या दिवशी खोकं परत केलं : गिऱ्हाईक म्हणतंय चव बदलली. रणजितचा फोन आला. “ताई, तू घरात काडी लावून गेलीस.” ती म्हणाली, “काडी नाही लावली, वाचून दाखवलं फक्त.” त्यानं परत आलेल्या खोक्याचा खर्च ऐकवला. मग म्हणाला, “त्यो तेलाचा आकडा काढून पाठव. आन् काय काय लिवायचं त्ये पन सांग. एकदाच छापतो.” तिनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासून आकडा पाठवला. एकोणचाळीस. मुदत तीन महिने कर, दाणे लिही, चौकटीतला मजकूर काढून टाक म्हणून पाठवलं. आणि नावाचं पुन्हा एकदा विचार म्हणून पाठवलं.

नावाचं रणजितनं विचारलं ते सगळ्यांपुढं. ते तिला आईनं फोनवर सांगितलं. आत्या म्हणाली, तारीख खरी झाली ना, मग घाला. आधी घातलं असतं आन् सहा म्हैन्यानं खवट निघाली असती तर शिव्या कुनाला बसल्या असत्या? रणजितनं विचारलं, पूर्ण नाव काय घालू, आधारवर तर डाळजचं आडनाव आहे. आत्या म्हणाली, डाळजच्यांनी काय भाजलंय का? नुसतं सारजा लिव. मग आईचा फोटो पाकिटावरून काढून टाकायचा का, असं निघालं. तेव्हा आई म्हणाली म्हणे, “मिरची तर माजी हाय! लसूण माजा हाय!” आणि आत्या म्हणाली, ऱ्हाऊ दे, वयनी माझ्यापरीस बरी दिसती. शेवटी असं ठरलं की फोटोतलं मुसळ काढायचं, आईला मिरचीच्या वाफ्यात उभं करून नवा फोटो घ्यायचा आणि खाली लिहायचं : मिरची-लसूण पिकवणारी शकुबाई, चटणी करणारी सारजा. उत्कर्षा फोन कानाला लावून ऐकत होती आणि तिच्या लक्षात आलं की इतकं सरळ वाक्य तिला बावीस वर्षांत सुचलं नव्हतं.

नवी पाकिटं आली त्यानंतरच्या रविवारी ती कळंबला गेली. अंगणात सतरंजीवर पाकिटांचा ढीग होता, भरून, तोंडं बंद करून. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी इंदापूरला जायची होती. आई आपला फोटो लांब धरून बघत होती, जवळ धरून बघत होती. रणजितनं एक पाकीट आत्याच्या हातात दिलं. “हे बघ, हितं. सारजा.” आत्यानं त्याच्या बोटाखाली पाहिलं. तीन अक्षरं. त्यांवरून अंगठा फिरवला, शाई हाताला लागते का ते बघावं तसा. मग दातानं कोपरा फाडला, चिमूटभर चटणी तळहातावर घेतली, हुंगली आणि जिभेवर ठेवली. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. उत्कर्षाही बघत होती. हाताशी कागद नव्हता, रकाने नव्हते, पण इतक्या लक्षपूर्वक तिनं कुणाला चव घेताना कधी पाहिलं नव्हतं.

“जादा भाजलीया,” आत्या म्हणाली.

“कुठं? चांगली तर हाय,” रणजित म्हणाला आणि त्यानंही चिमूट घेतली.

“मागनं कडू येतीया. थांब जरा. आली?”

उत्कर्षानं घेतली. लसूण, मिरची, दाण्याचा मऊपणा. मग अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, एक बारीक कडसर धागा. वर्गात तिनं या चटणीला डोळे मिटून नऊ दिले असते.

“माज्याच हातनं झालीया,” आत्या म्हणाली. “रणजितनं नाव छापून आनलं त्याच दिशी भाजली. ध्यान न्हवतं माजं.” तिनं पाकीट सतरंजीवर ठेवलं. “ही खेप माज्या नावानं जायची न्हाय. पुढच्या खेपेपास्नं घाल.”

“आत्या, चारशे पाकिटं हायती! नावासकट छापल्याती!”

“जुनी पिवळी हायती नव्हं शिल्लक? त्यात भर, वर तीन म्हैन्याची, दाण्याची अन् तेलाच्या आकड्याची चिठ्ठी लाव. ही जाऊ दे वयनीच्या नावानं.”

आईनं फोटो खाली घेतला. “बघा! वंगाळ तेवढं माजं!” असं म्हणाली आणि इतकी हसली की तिला खोकला आला, प्राचीनं पाणी आणलं, आणि रणजित डोक्याला हात लावून पाकिटांच्या ढिगाशेजारी बसला. आत्या हसली नाही. ती शेडमध्ये गेली होती. खिळ्यावरचं उलथनं काढल्याचा आवाज आला, मग कढई चुलीवर ठेवल्याचा, आणि ती आतूनच ओरडली, “उत्कर्षा, ती बाहेरची कारळी आन गं निवडून. आन् बोलू नगंस मधी. मला ऐकू आलं पायजे.”

उत्कर्षा सूप घेऊन उंबऱ्यात बसली आणि खडे निवडू लागली.